अकादमीतल्या विंगरला लोनवर पाठवलं, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा. मूळचे सांगलीकडचे, पण वीसेक वर्षांपासून इंग्लंडात राहणारे एक गृहस्थ विचारताहेत. मुलगा १९ वर्षांचा, रग्बीच्या वरच्या लीगमधल्या एका क्लबच्या अकादमीत विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा. दीड हंगामात पहिल्या संघाकडून तीन सामने, त्यातले दोन चषकाचे, आणि तिन्ही मिळून एकही ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) नाही. सप्टेंबरात सरावात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढलं गेलं. आता क्लब म्हणतोय, नोव्हेंबरात बरा झालास की उरलेला हंगाम खालच्या विभागातल्या क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना, खेळ. आई म्हणते पुरे झालं, विद्यापीठात जा. वडिलांना ही हकालपट्टीची पहिली पायरी वाटते. आणि मुलगा काहीच बोलत नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पुण्यात फिजिओथेरपी केली, पुढचं शिकायला इकडे आलो आणि गेली तेरा वर्षं ब्रिटनमधल्या रग्बी अकादम्यांत १७ ते २१ वयाच्या मुलांबरोबर काम करतोय. मी प्रशिक्षक नाही आणि एजंटही नाही. संघनिवडीच्या बैठकीत मला बोलावतात ते कोण खेळण्याजोगा आहे आणि कोण नाही एवढं सांगायला. पण त्या खोलीत बसून कुठलं नाव पुढे सरकतं आणि कुठलं गळतं, ते बरंच ऐकलंय. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्याचा करार वाचलेला नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘अमुक असेल तर’ असं म्हणावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

‘लोन म्हणजे हकालपट्टी का?’ या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत मिळणार नाही. त्याऐवजी असं विचारा: या मुलाबद्दल क्लबला अजून काय कळलेलं नाही, आणि ते कुठल्या मैदानावर कळणार आहे?

तीन सामने कमी वाटतात, कारण शेजारच्या कुणाचा तरी मुलगा त्याच अकादमीत प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) असणार आणि त्याचे बारा झाले असणार. ही तुलनाच चुकीची. सामन्याच्या दिवशी २३ जणांचा संघ असतो, म्हणजे आठ राखीव. पुढच्या फळीतल्या तिघांना राखीव ठेवावेच लागतात, नाहीतर स्क्रम, म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणांची ढकलाढकल, नीट होऊ शकत नाहीत. साधारणपणे पाच किंवा सहा राखीव फॉरवर्ड, म्हणजे पुढचे झटापट करणारे, असतात. उरतात दोन किंवा तीन बॅक, म्हणजे मागचे, चेंडू फिरवणारे. त्यात स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा एक स्क्रम-हाफ ठरलेला. राहिलेली एक-दोन जागा अशा माणसाला जाते जो मधल्या सेंटरलाही चालतो, सगळ्यांत मागच्या फुलबॅकलाही चालतो आणि गरज पडली तर किक मारून खेळ चालवणाऱ्या फ्लाय-हाफलाही. नुसता विंगर म्हणून बाकावर बसणारा माणूस तुम्हाला क्वचितच दिसेल. तरुण प्रॉपला शेवटची पंधरा-वीस मिनिटं उतरवून पारखता येतं. विंगरला थेट सुरुवातीच्या पंधरात घ्यावं लागतं, ८० मिनिटांसाठी, ११ किंवा १४ नंबरच्या जर्सीत. त्याच्या धंद्याला मागचं दारच नाही. त्यामुळे चषकाच्या दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळवला असेल, तर मी म्हणेन क्लबने खिशात हात घातला होता. (जाता जाता: त्याला फुलबॅक खेळता येत असेल तर ते आत्ताच कानावर घाला. तो बाकावर बसण्याची शक्यता तिथून सुरू होते.)

आता ट्रायचं. शाळेत विंगर ट्रायवर मोजला जातो, कारण शाळेत वेगवान मुलाच्या हातात चेंडू दिला की काम झालं. व्यावसायिक रग्बीत मैदान ७० मीटरपर्यंत रुंद असतं आणि चेंडू कडेपर्यंत पोचायच्या आत दहा जणांना तो अडवायची संधी मिळालेली असते. एखाद्या सामन्यात विंगरला मोकळी धाव एकदाही मिळत नाही. मग प्रशिक्षक बघतो काय? तो बघतो की या मुलाच्या बाजूची कड त्याच्यावर सोडून मला दुसरीकडे लक्ष देता येतं का.

हे जरा उलगडून सांगतो, कारण पालकांना स्टँडमधून हेच दिसत नाही. २०२१ पासून एक नियम आहे, सगळे त्याला फिफ्टी-ट्वेंटी-टू म्हणतात. आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्याच्या २२ मीटरच्या पट्ट्यात बाजूरेषेबाहेर गेली, तर लाइनआउटचा चेंडू, म्हणजे बाजूरेषेवरून आत टाकायचा, किक मारणाऱ्याच संघाला मिळतो. म्हणजे तुमचा विंगर पुढे बचावाच्या रांगेत उभा राहिला की त्याच्या पाठीमागचा कोपरा उघडा, आणि मागे थांबला की पुढून पासने वळसा घालायला जागा. चेंडू डावीकडे गेला की उजव्या विंगरने मागे सरकायचं, फुलबॅकने मध्ये यायचं, डाव्याने वर चढायचं. चेंडू परत फिरला की सगळं उलटं. घड्याळाच्या लंबकासारखं हे ८० मिनिटं चालू असतं, आणि यातलं नव्वद टक्के चेंडूशिवाय. दुसरी गोष्ट उंच किकची. २०२४ च्या शेवटापासून पंचांना सांगितलं गेलंय की किकमागे धावणाऱ्याच्या वाटेत आडोसा करून उभं राहणाऱ्यांना मोकळीक द्यायची नाही. पूर्वी झेल घेणाऱ्याभोवती सहकाऱ्यांचं कुंपण असायचं, ते गेलं. आता हवेत खरोखरची झटापट होते, आणि ती बहुतेक वेळा विंगरच्या डोक्यावर.

लहानपणी मी शाळेच्या खो-खोच्या संघात होतो. बसलेला गडी बघणाऱ्याला रिकामा वाटतो, पण त्याच्या टाचा उचललेल्या असतात आणि नजर धावणाऱ्याच्या खांद्यावर. ‘खो’ मिळाला आणि तो उठताना अर्धा क्षण अडखळला, तर सर त्याला बाद झालेल्या गड्यापेक्षा जास्त झापायचे. विंगरचं मी इथल्या मुलांना समजावू शकत नाही इतक्या सोप्या भाषेत तुम्हाला समजावू शकतो: तो बसलेला गडी आहे. त्याचा खो वीस मिनिटांनी येईल, पण तोवर टाचा खाली टेकवायच्या नाहीत.

ही टाच उचललेली ठेवण्याची सवय सरावात लागत नाही, आणि अकादमीच्या आपापसांतल्या सामन्यांतही नाही. तिथे सगळे एकाच वयाचे, एकमेकांच्या किका ओळखणारे. ती लागते तीस वर्षांच्या खडूस फ्लाय-हाफसमोर, जो पोरगं एक पाऊल पुढे आलेलं बघतो आणि हसत त्याच्या मागे चेंडू टाकतो. असे फ्लाय-हाफ खालच्या विभागात मुबलक आहेत.

दोन हिवाळ्यांपूर्वी लोनवर गेलेल्या आमच्या एका मुलाचा सामना बघायला मी मुद्दाम गेलो होतो. मैदान उघड्यावर, पाऊस आडवा, एका बाजूला रस्ता आणि दुसरीकडे मेंढ्यांचं कुरण. सगळ्या सामन्यात त्याने चेंडू चारदा हाताळला. पहिली उंच किक त्याच्या छातीवर आदळून पुढे सुटली, समोरच्यांना स्क्रम मिळाला, आणि रेलिंगला टेकलेल्या म्हाताऱ्यांनी त्याचा यथेच्छ उद्धार केला. उत्तरार्धात तशीच दुसरी आली. या वेळी तो दोन पावलं उशिरा निघाला, म्हणजे चेंडूखाली उभा राहण्याऐवजी धावत येऊन उडी घेतली. एक गुडघा वर, कोपरं जवळ, हात डोळ्यांच्या रेषेच्या वर आणि कंबर अर्धी वळवलेली. कंबर अशी वळवली की चेंडू हातातून निसटला तरी मागे पडतो, पुढे नाही. तो निसटला नाही. सामन्यानंतर चहाचा कागदी कप हातात धरून तो मला एवढंच म्हणाला, “पहिल्या वेळी वारा कुठल्या कानावर लागतोय ते बघितलंच नव्हतं.” ट्राय शून्य. पण ती चित्रफीत सोमवारी आमच्या मुख्य प्रशिक्षकाने तीनदा मागे घेऊन बघितली.

तुम्ही नावं घेतलीत म्हणून मीही घेतो. वेल्सचा विंगर लुईस रीस-झॅमिट याचं उदाहरण देऊन तुम्ही म्हणता की तो १८व्या वर्षी ग्लॉस्टरकडून खेळला, २०व्या वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडचा निवडक संघ) २०२१ च्या दौऱ्यावर गेला. खरं आहे. तसा वेग दशकात एखाद्याकडे असतो. पण त्याचीही पुढची वाट बघा: जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलकडे गेला, तिथे दोन संघांत राहूनही मुख्य लीगमधला सामना मिळाला नाही, आणि २०२५ मध्ये ब्रिस्टलकडून रग्बीत परतला. जोना लोमूचं नाव सगळ्यांना १९९५ च्या विश्वचषकामुळे आठवतं, सात ट्राय, त्यातले चार उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध. पण त्याआधीचं वर्ष कुणी सांगत नाही. १९९४ मध्ये १९ वर्षं ४५ दिवसांचा असताना त्याला न्यूझीलंडने फ्रान्सविरुद्ध विंगवर उतरवलं. शाळेत तो फॉरवर्ड खेळलेला. विंगवर कुठे उभं राहायचं हे अंगवळणी पडलेलं नव्हतं, आणि फ्रेंचांनी नेमकं तेच हेरलं. न्यूझीलंड घरच्या मैदानांवर दोन्ही कसोट्या (रग्बीत देशादेशांतला सामना म्हणजे कसोटी) हरला आणि लोमू विश्वचषकापर्यंत पुन्हा कसोटी खेळला नाही. जगातला सगळ्यांत दांडगा विंगरसुद्धा जागा चुकला की उघडा पडतो.

उंचीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, की मुलगा पाच फूट आठ इंच आहे म्हणून पाठवताहेत का, त्याला दोनच नावं पुरेत. वेल्सचा शेन विल्यम्स, पाच फूट सात. २००० मध्ये पहिली कसोटी, मग बाहेर. २००३ च्या विश्वचषकाला नेलं ते तिसरा स्क्रम-हाफ म्हणून. न्यूझीलंडविरुद्ध विंगवर संधी मिळाली आणि तिथून चित्र पालटलं. २००८ मध्ये जगातला सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि वेल्ससाठी ५८ ट्राय. दुसरा चेस्लिन कोल्बे. तोही तेवढाच. दक्षिण आफ्रिकेत तो लहानखुराच मानला गेला, २०१७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ क्लबला गेला, कसोटी पदार्पण २०१८ मध्ये २४व्या वर्षी, आणि २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध ट्राय. उंची आड येते हे खोटं नाही, पण लोनचं कारण उंची असतं असं मी पाहिलेलं नाही. उंचीवरून नकार द्यायचा असता तर करारच झाला नसता.

मग लोन चांगलाच का? नाही, सगळे नाही. उसनवारीचे दोन प्रकार असतात. एकात मुलाची नोंदणी दोन्ही क्लबांत असते, आठवडाभर तो मूळ क्लबात सराव करतो आणि शनिवारी तिकडे खेळतो. दुसऱ्यात तो सामानसुमानासह तिकडेच जातो. पहिला प्रकार मला आवडतो, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो फिजिओ म्हणून मी वारंवार पाहिलाय. खालच्या विभागात बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी करतात, त्यामुळे सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो. मूळ क्लबाचा सराव मंगळवारी सकाळी. पोरगं दोन्हीकडे नाही म्हणू शकत नाही. सकाळी धावतं, संध्याकाळी धावतं, आणि दोन्ही प्रशिक्षकांना वाटतं की आपण बेताचंच पळवलं. खांद्यांच्या मध्ये बनियनमध्ये जे जीपीएसचं यंत्र लावतात, ते सकाळच्या सत्रात असतं आणि संध्याकाळच्या सत्रात कपाटात. म्हणून क्लबला पहिला प्रश्न हा विचारा: दोन्हीकडची धाव एकत्र मोजणार कोण, त्या माणसाचं नाव काय? दुसरा, शनिवारच्या सामन्याची चित्रफीत सोमवारी त्याच्याबरोबर बसून कोण बघणार? या दोन्हींना उत्तर म्हणून नावं मिळाली तर मुलाला क्लब अजून आपला मानतो. ‘बघू, होईल काहीतरी’ असं आलं तर तुमची शंका बहुधा बरोबर आहे. करार किती उरलाय तेही बघा. दीड-दोन वर्षं उरली असतील तर लोन ही गुंतवणूक. येत्या उन्हाळ्यात संपत असेल तर हा हंगाम त्याने दुसऱ्या क्लबांच्या नजरेत भरण्यासाठी खेळायचा, आणि तसं त्याला स्पष्ट सांगायचं.

आता हॅमस्ट्रिंग, म्हणजे माझा प्रांत. मांडीच्या मागचा हा स्नायू पूर्ण वेगात धावताना, पाय जमिनीला टेकायच्या अगदी आधी, ताणलेल्या अवस्थेत सगळ्यांत जास्त ओझं झेलतो. त्यामुळे विंगरचं ते बहुतेक तेव्हाच दगा देतं जेव्हा त्याला अखेर मोकळी धाव मिळते. आणि एकदा गेलं की पुन्हा जाण्याचा धोका खेळायला परतल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक मुलगा माझ्याकडे होता, अशीच दुखापत. मी त्याला जपलं. तीन आठवडे सायकल, जिम, मध्यम वेगाची धाव. पूर्ण वेगात एकदाही नाही, कशाला धोका घ्या म्हणून. सामन्याच्या तिसाव्या मिनिटाला त्याला चेंडू मिळाला, समोर मोकळं रान, आणि चाळीस मीटरवर तो मागून मांडी धरून खाली बसला. गेला पुढचा अडीच महिना. त्या स्नायूला पूर्ण वेगाची आठवणच मी राहू दिली नव्हती. आता मी उलट करतो. परतण्याआधी मुलाने स्वतःच्या सर्वोच्च वेगाच्या नव्वद टक्क्यांवर अनेकदा पोचलेलं असलं पाहिजे, आणि परतल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा थोड्या धावा त्या वेगाने झाल्याच पाहिजेत, सामन्यात मोकळी धाव मिळो ना मिळो. त्याच्या जोडीला तो जुना व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कुणीतरी घोटे घट्ट धरायचे आणि धड सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. दिसायला सोपा, करताना घाम फुटतो, आणि पोरं तो चुकवायला शंभर बहाणे शोधतात. घरी सोफ्याखाली पाय अडकवूनही होतो. तुम्ही घोटे धरा.

डोक्याला मार लागण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये सामन्यात सगळ्यांत जास्त नोंदली जाणारी दुखापत तीच आहे. शंका आली तर खेळाडूला बाहेर नेऊन १२ मिनिटांत तपासणी होते. खालच्या विभागात तेवढी यंत्रणा सगळीकडे नसते. तिथला साधा नियम असा की शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. लोनवरचा मुलगा जागा टिकवण्यासाठी गरगरणं लपवतो, हे मी पाहिलंय. एवढं एक त्याच्याकडून कबूल करून घ्या.

विद्यापीठाबद्दल त्याच्या आईशी मी अर्धा सहमत आहे. ‘किंवा’ कशाला? ‘आणि’ होतं. इंग्लंड-वेल्समध्ये विद्यापीठांची स्वतःची दमदार रग्बी स्पर्धा २०१६ पासून चालते, आणि तिथून थेट व्यावसायिक क्लबात गेलेले खेळाडू आहेत. अर्धवेळ किंवा दूरस्थ पदवी करणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात. हे मी संस्कारी मराठी काका म्हणून सांगत नाही. २०२२ च्या शरद ऋतूत वुस्टर आणि वॉस्प्स हे दोन मोठे क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळले. वॉस्प्समध्ये १६७ खेळाडू आणि कर्मचारी एका दिवसात बेकार झाले. २०२३ मध्ये लंडन आयरिश गेला. तेरा क्लबांची लीग दहांवर आली. त्या वर्षी आमच्याकडे चाचणीला येणाऱ्यांत असे विंगर होते जे आदल्या हंगामात वरच्या लीगमध्ये नियमित खेळत होते. खेळ उत्तम, हॅमस्ट्रिंग ठणठणीत, आणि तरी हातात काही नाही. करारावर सही करताना आणि तो संपताना खेळाडूंच्या संघटनेचा सल्ला घ्या. एजंटाच्या आधी तिकडे जा.

आणि तो बोलत नाही, त्याचं. १९ वर्षांच्या जखमी मुलाला जेवणाच्या टेबलावर ‘मग पुढे काय?’ असं रोज विचारलं तर तो काय बोलणार? दुखापतीच्या काळात खेळाडू संघाच्या खोलीत असतो पण संघात नसतो. त्याला हंगामाबद्दल विचारू नका. गेल्या शनिवारी त्याच्या जागी जो खेळला, तो चेंडू उलटीकडे गेल्यावर कुठे उभा होता, हे विचारा. दोघं मिळून सामना परत लावा आणि चेंडू सोडून फक्त त्या विंगरकडे बघा. मी सांगतो, तो बोलायला लागेल, आणि तुम्हाला थांबवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात राहून गेलीय. एमआरआय झाला असेल तर अहवालात दुखापत फक्त स्नायूत लिहिलीय की स्नायूच्या आतल्या टेंडनचाही (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) उल्लेख आहे, ते बघून कळवा. नुसता स्नायू असेल तर क्लबने दिलेली तारीख बहुधा ठीक आहे. टेंडन असेल तर नोव्हेंबरातल्या त्या पहिल्या लोन सामन्याचं नाव काढू नका. क्लबच्या डॉक्टरकडून नवीन तारीख लेखी मागून घ्या.